विश्लेषण : बस चुकत नाही, न्याहारी चुकते… सकाळच्या शाळेतील मुलांचे पोट रिकामे का राहते?

पौष्टिक न्याहारीच्या पाककृतींची मराठी घरांत टंचाई नाही. टंचाई आहे ती वेळेची, झोपेची आणि सकाळी स्वयंपाकघरात राबणाऱ्या हातांची. त्यामुळे ‘मुलांना सकस नाश्ता द्या’ हा सल्ला बहुतेक वेळा चुकीच्या दारावर थाप मारतो.

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटे. व्हॅनवाले काका फाटकाशी येऊन थांबलेले. सहावीतले मूल एक मोजा चढवून दुसरा शोधते आहे, आई डब्याचे झाकण दाबता दाबता ‘आधी दूध संपव’ म्हणून ओरडते आहे. शेवटी पेल्यातले निम्मे दूध ओट्यावरच राहते आणि हातात दोन बिस्किटे कोंबून मूल जिना उतरते. मुंबई-ठाण्यात, पुण्यात, नागपुरात, आणि आता तालुक्याच्या गावांतही ‘सकाळच्या शाळे’ची अशी हजारो घरे आहेत. रात्रीचे जेवण साडेनऊला झाले असेल आणि छोटी सुट्टी सव्वानऊला होत असेल, तर दोन जेवणांच्या मधले अंतर जवळपास बारा तासांचे होते. मोठ्या माणसाने असे केले तर त्याला हल्ली उपवासाचे शास्त्र म्हणतात. मुलांच्या बाबतीत ते शास्त्र लागू पडत नाही.

रिकाम्या पोटी वर्गात बसल्याने काय होते?

झोपेत शरीराची ऊर्जेची गरज मुख्यतः यकृतात साठवलेल्या ग्लायकोजेनमधून भागते. मुलांचे यकृत लहान, त्यातला साठा कमी. मेंदू मात्र शरीराच्या मानाने मोठा. प्रौढ माणूस विश्रांती घेत असताना त्याच्या शरीराच्या ऊर्जेतील साधारण पाचवा हिस्सा मेंदूला लागतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा वाटा त्याच्या दुपटीहून अधिक असतो. म्हणूनच सकाळची उपासमार मोठ्यांपेक्षा मुलांना लवकर जाणवते. ती ‘भूक लागली’ अशी सांगून येतेच असे नाही. चिडचिड, डोके दुखणे, प्रार्थनेच्या रांगेत चक्कर येणे, दुसऱ्या तासाला फळ्यावरचे उतरवताना ओळी गाळणे, अशा रूपांत ती येते आणि वहीत ‘लक्ष नसते’ असा शेरा पडतो.

तरीही भीती घालण्याचे कारण नाही. घरात एरवी नीट खाणाऱ्या, धडधाकट मुलाची एखाद्या दिवशी न्याहारी हुकली तर त्याचे फारसे बिघडत नाही. शरीर रक्तातली साखर सावरून घेते. परिणाम ठळक दिसतो तो आधीच कुपोषित असलेल्या मुलांत. जमैकातील ग्रामीण प्राथमिक शाळांमध्ये झालेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८००हून अधिक मुलांचे दोन गट केले गेले. एका गटाला वर्षभर शाळेत न्याहारी मिळाली, दुसऱ्याला संत्र्याची केवळ पाव फोड. न्याहारी मिळालेल्या मुलांची उपस्थिती, उंची आणि वजन किंचित का होईना, पण वाढले आणि लहान इयत्तांतील मुलांचे अंकगणित सुधारले. सुधारणा थोडी होती, चमत्कार नव्हता. ज्या मुलाच्या घरी सकाळी वेळही कमी आणि अन्नही कमी, त्याचेच सर्वाधिक नुकसान होते, एवढे मात्र त्यातून आणि त्याआधीच्या संशोधनातून दिसते.

महाराष्ट्रात असे मूल अपवादाने आढळते, असे म्हणण्याची सोय नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या जवळपास ६९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. हीच मुले पुढे पहिलीच्या वर्गात येऊन बसतात.

दूध-बिस्किटाने भागत नाही का?

पोट भरल्यासारखे वाटते, इतकेच. बाजारातील अनेक ग्लुकोज बिस्किटांमध्ये वजनाच्या साधारण चौथा हिस्सा साखर असते आणि उरलेला मोठा भाग मैद्याचा. रक्तातली साखर झटकन वर जाते आणि तासा-दीड तासात खाली येते. बिस्किटासोबत चहा असेल तर त्यातील टॅनिन अन्नातील लोह शोषू देत नाही. दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांच्यामुळे मूल दूध पिते, हे खरे. पण त्यातील काहींमध्ये वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास साखरच असते. जाहिरातीत उंची वाढते, खेळात पदक मिळते. डब्याच्या मागच्या बारीक अक्षरांत मात्र साखर दिसते. अन्न सुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी कोणतीही व्याख्या नाही, म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या संकेतस्थळांना अशी पेये त्या वर्गवारीतून काढायला सांगितले. मे २०२५ मध्ये ‘सीबीएसई’ने संलग्न शाळांना साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक लावण्यास सांगितले. दोन्ही पावले योग्यच. पण फलक वाचून घरी गेलेल्या मुलाला सकाळी सहाला दुसरे काय मिळणार, हा प्रश्न फलकावर नसतो.

मग द्यायचे काय?

याचे उत्तर प्रत्येक आजीला ठाऊक आहे, म्हणून इथे जेवणाची यादी देण्याची गरज नाही. काही हिशेब मात्र सांगण्यासारखे आहेत. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. २०० मिलीलिटर दुधात जवळपास तेवढीच. आणि २५ ग्रॅम शेंगदाण्यांत, म्हणजे मूठभर दाण्यांतही, सुमारे तेवढीच. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची प्रथिनांची गरज २३ ग्रॅमच्या आसपास आहे, म्हणजे यातला कोणताही एक पदार्थ पाव गरज भागवतो. तिघांच्या किमतीत मात्र बराच फरक आहे, आणि शेंगदाण्याला फ्रिजही लागत नाही. कांदेपोह्यांत दाणे सढळ हाताने घातले आणि वरून लिंबू पिळले, तर त्या बशीत प्रथिने येतात आणि लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह शोषले जायला मदत होते. लिंबू पिळण्याची पद्धत कोणी पोषणशास्त्र शिकून पाडलेली नाही, पण ती बरोबर आहे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, दुधाच्या दुपटीहून अधिक. भाजणीच्या थालीपिठात धान्य आणि डाळी एकत्र येतात, त्यामुळे दोघांच्या प्रथिनांतील उणिवा परस्परांत भरून निघतात.

विदर्भातली उकडपेंडी, कोकणातली उकड्या तांदळाची पेज, घावन, आंबोळी, देशावरची ज्वारीची आंबील, सातूचे पीठ, मऊ भात-मेतकूट आणि तूप: ही सगळी मुळात घाईच्या सकाळीच खाल्ली जाणारी अन्ने. शेतावर जाणाऱ्या माणसाला तासभर ओट्याशी उभे राहायला कुठे वेळ होता? उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करून त्याला फोडणी देणे हा तर गरजेतून आलेला शोध. काही घरांत त्याला ‘माणिकपैंजण’ असे भरजरी नाव आहे. आज तोच पदार्थ ‘शिळे’ म्हणून डब्यात द्यायला आई संकोचते आणि कारखान्यात सहा महिन्यांपूर्वी तळलेले पाकीट मात्र ‘ताजे’ ठरते. रात्रीची पोळी झाकून ठेवली आणि भात गार झाल्या झाल्या फ्रिजमध्ये गेला, तर सकाळच्या फोडणीत काही वावगे नाही. भात मात्र रात्रभर ओट्यावर उघडा राहिला असेल तर तो मुलांना देऊ नये.

अडते कुठे?

अडते ते घड्याळात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवी, असे बालनिद्रा तज्ज्ञ सांगतात. पावणेसहाला उठायचे तर किमान नऊ तासांसाठी पावणेनऊला डोळा लागायला हवा. विरारच्या किंवा बदलापूरच्या घरी आई-वडील लोकलने परततात तेच मुळी आठ-साडेआठला. जेवण साडेनऊला, गृहपाठाची उरलेली दोन पाने, मोबाइल, आणि झोप अकराच्या पुढे. उशिरा जेवलेल्या आणि अर्ध्या झोपेतून उठवलेल्या मुलाला सहा वाजता भूक नसते. ते खात नाही यात हट्ट थोडा आणि शरीरधर्म जास्त असतो. अशा वेळी भरली बशी समोर ठेवून ‘एवढे संपवल्याशिवाय जायचे नाही’ म्हणणे म्हणजे रोजचे भांडण. ते भांडण आई हरते किंवा मूल उलटी करते.

त्यापेक्षा न्याहारीचे दोन तुकडे केले तर बहुतेक घरांत निभावते. घरातून निघताना उभ्या उभ्या खाता येईल असे चार घास: दाण्याचा किंवा मुगाचा लाडू, तूप-गूळ लावून गुंडाळलेली पोळी, केळे, उकडलेले अंडे. खरी न्याहारी मग छोट्या सुट्टीच्या डब्यात. रात्रीचे जेवण अर्धा-पाऊण तास अलीकडे आले तर सकाळची भूक आपोआप परतते. ते आणणे सर्वांना शक्य नसते हेही तितकेच खरे.

दुसरी अडचण हातांची. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. वर्तमानपत्रातला प्रत्येक ‘आयांनो, मुलांना हे द्या’ छापाचा लेख त्या २८९ मिनिटांत आणखी दहा मिनिटे घालतो. त्यात काही शाळांनी डब्याचे वेळापत्रकच ठरवून दिले आहे: सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी कडधान्य, बुधवारी आणखी काही. हेतू चांगला, पण फ्रिजच्या दारावर चिकटवलेला तो कागद घरात एकच व्यक्ती वाचते. रात्री अंडी उकडून ठेवणे, कांदा चिरणे, पोहे मोजून ठेवणे, सकाळी केळे सोलून हातात देणे, मुलाशेजारी दहा मिनिटे बसणे, ही कामे करायला कोणतीही पाककला लागत नाही. ‘मला स्वयंपाक येत नाही’ हे वडिलांचे कारण इथे चालण्यासारखे नाही.

नऊच्या शाळेचा निर्णय का अपुरा पडला?

डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नसल्याकडे लक्ष वेधले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्याचा निर्णय घेतला. न्याहारीच्या दृष्टीने हा गेल्या अनेक वर्षांतला सर्वांत उपयोगी सरकारी निर्णय होता, जरी तो झोपेच्या नावाने आला. पण तो चौथीशी थांबला. पाचवीतले मूल आदल्या वर्षीपेक्षा कमी झोपेवर आणि कमी खाऊन जगू शकते, असे कोणत्याही पुस्तकात लिहिलेले नाही. अकरा-बारा वर्षांच्या वयात तर वाढीचा वेग वाढतो आणि मुलींची लोहाची गरजही.

निर्णयाला विरोध झाला तो मुख्यतः जागेमुळे आणि बसमुळे. एकाच इमारतीत दोन सत्रे चालवणाऱ्या शाळांना सकाळचे सत्र पुढे ढकलले की दुपारचे संध्याकाळपर्यंत न्यावे लागते. एकच बस दोन फेऱ्या मारते, त्या फेऱ्या वाहतुकीच्या ऐन गर्दीत येतात. नोकरदार पालकांनाही मुलाला सोडून कामावर जायचे असते. या अडचणी खऱ्या आहेत. मात्र त्यांचा भार कोणावर टाकायचा हे ठरवताना प्रत्येक वेळी सर्वांत लहान खांदा निवडला जातो.

ज्यांच्या घरी सकाळी कोणीच नसते त्यांचे काय?

ऊसतोडीच्या हंगामात बीड, अहिल्यानगरकडील जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांच्या परिसरात येतात आणि अंधार असतानाच फडात जातात. मागे कोपीवर राहिलेले मूल शाळेत गेलेच, तर धाकट्या भावंडाचे आवरून आणि रात्रीची भाकरी असेल तर ती खाऊन जाते. शहरात धुणी-भांडी करणारी बाई सातच्या आत पहिल्या घरी पोहोचते. दुसऱ्यांच्या मुलांचा डबा तिच्या हातून भरला जातो, तिच्या मुलाला मात्र वडापावसाठी दहा-वीस रुपये मिळतात. अशा घरांना लाडवाच्या कृतीचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी न्याहारी शाळेतच मिळायला हवी.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत शालेय न्याहारीची योजना १९६६ मध्ये प्रायोगिक म्हणून सुरू झाली आणि १९७५ मध्ये कायम झाली. भारताच्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही नोंद आहे की, सकस न्याहारीनंतरचे सकाळचे तास अवघड विषयांसाठी विशेष उपयोगी ठरतात, म्हणून माध्यान्ह भोजनाच्या जोडीला साधी पण ऊर्जा देणारी न्याहारी द्यावी. त्यानंतर २०२१ मध्ये माध्यान्ह भोजन योजनेचे नाव बदलून ‘पीएम पोषण’ झाले. नाव आले, न्याहारी आली नाही. केंद्राने न दिलेली गोष्ट तमिळनाडूने स्वतःच्या तिजोरीतून दिली. १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत मुख्यमंत्री न्याहारी योजनेचा आरंभ झाला. सुरुवात १,५४५ शाळांतील सुमारे १ लाख १४ हजार मुलांपासून झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये ती राज्यातील सर्व सरकारी प्राथमिक शाळांत पोहोचली आणि जुलै २०२४ मध्ये ग्रामीण अनुदानित शाळांतही. पदार्थ साधे: उपमा, खिचडी, पोंगल, सोबत सांबार. गावांमध्ये बचत गटांच्या महिला ते शिजवतात आणि शाळा भरण्याआधी मुले खातात.

महाराष्ट्रात हे जमण्यासारखे आहे का?

बचत गटांचे जाळे महाराष्ट्रातही आहे. शाळांत स्वयंपाकघरे आहेत, भांडी आहेत, खिचडी शिजवणाऱ्या बाया आहेत. प्रश्न पैशांचा आणि त्याहून अधिक प्राधान्याचा आहे. ‘पीएम पोषण’मध्ये प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने देणे अपेक्षित आहे. धान्य सोडून उरलेल्या सामग्रीसाठी मे २०२५ पासूनचा दर आहे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. तेल, डाळ, भाजी, मसाला, इंधन सगळे त्यात. शिजवणाऱ्या मदतनिसांच्या मानधनाचा केंद्राचा निकष २००९ पासून महिना १,००० रुपयांवर अडलेला आहे. राज्य त्यात भर घालते, तरीही ती रक्कम कामाच्या मानाने तुटपुंजीच. याच बायांना पहाटे आणखी एक चूल पेटवायला सांगायचे, तर मानधन न वाढवता सांगता येणार नाही.

प्राधान्याबद्दल अंड्याची कहाणी पुरेशी बोलकी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि अंडे न खाणाऱ्यांना केळे किंवा इतर फळ देण्याचे ठरवले. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवण्यात आला आणि हवे असल्यास लोकवर्गणीतून अंडी द्यावीत असे शाळांना कळवण्यात आले. ज्या गावात शाळेचे छप्परही लोकवर्गणीतून दुरुस्त होते, तिथे आठवड्याला एका अंड्यासाठी पुन्हा दारोदार कोण जाणार? आठवड्यातले एक अंडे जड झालेल्या राज्याकडून रोजच्या न्याहारीची अपेक्षा ठेवणे आज भाबडेपणाचे वाटेल. पण सगळ्या शाळांत एकदम सुरू करा असे कोणी म्हणत नाही. तमिळनाडूचीही सुरुवात निवडक शाळांतूनच झाली. ऊसतोड मजुरांची मुले असलेल्या शाळा, नंदुरबार, गडचिरोली आणि मेळघाटातील आदिवासी पाड्यांवरच्या शाळा आणि महापालिकांच्या सकाळच्या सत्रातील शाळा, एवढ्यांपासून आरंभ करता येईल. खासगी विनाअनुदानित शाळांतली मुले ‘पीएम पोषण’च्या बाहेर आहेत. त्यातही व्हॅनचे पैसे भरताना ओढाताण होणारी घरे बरीच आहेत, त्यांच्यासाठी मात्र आज कोणतीच योजना नाही.

एक गोष्ट मात्र निधीविना आणि शासन निर्णयाविना, उद्यापासून होऊ शकते. सातला भरणाऱ्या शाळेत छोटी सुट्टी सव्वानऊला ठेवण्याऐवजी सव्वाआठला ठेवायची आणि ती दहाऐवजी वीस मिनिटांची करायची. दहा मिनिटांत चाळीस मुले हात धुऊन, डबा उघडून, खाऊन परत येऊ शकत नाहीत, हे कोणत्याही वर्गशिक्षिकेला विचारावे. त्यासाठी मुख्याध्यापकांना वेळापत्रकातली एक रेघ सरकवावी लागेल आणि शाळा सुटायला दहा मिनिटे उशीर होईल.